गोंगाटातून शब्द कसा सापडतो

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा रात्री पत्रे तडतडत असतात, पागोळ्या गळत असतात आणि डबक्यांच्या काठाला मलबारी उडता बेडूक, झुडपी बेडूक अशा कितीतरी जातींचे नर एकाच वेळी साद घालत असतात. तरीही त्या कल्लोळात मादीला आपल्याच जातीचा नर सापडतो, आणि घरात चुलीपाशी कुणी हळू आवाजात काही बोललं तर ते माजघरातल्या माणसाला कळतं. या दोन्ही गोष्टी आपण कानाच्या नावावर जमा करतो. त्यातलं खरं श्रेय मेंदूचं आहे, आणि हे नीट समजून न घेतल्यामुळे कमी ऐकू येणाऱ्या माणसांवर आपण रोज अन्याय करतो, असं माझं म्हणणं आहे.

कानाच्या पडद्यावर पोचते ती हवेची एकच सरमिसळ थरथर. पाऊस, बेडूक, माणसाचा आवाज हे त्यात वेगवेगळे आलेले नसतात. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. उंच स्वर त्याच्या सुरुवातीच्या भागाला हलवतात आणि खर्जातले त्याच्या टोकाला. हे उलगडून दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. म्हणजे कान आवाजाचे स्वरांनुसार तुकडे करतो. पण कोणता तुकडा कुणाचा, हे त्याला ठाऊक नसतं. ती जुळणी पुढे मेंदूत होते आणि तिचा मुख्य आधार असतो वेळ. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. मेंदूच्या मुळाशी असलेल्या पेशी एवढ्याशा फरकावरून दिशा ठरवतात. जे तुकडे एकाच क्षणी सुरू होतात, एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात, ते एकाच तोंडातून आलेले, असा मेंदूचा हिशेब असतो. बोलण्याला तर लयच असते. कुठल्याही भाषेत सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरांच्या गतीने आवाज चढतो-उतरतो, आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूतल्या विद्युतलहरी त्या चढ-उताराशी जुळवून घेतात. पुढचं अक्षर केव्हा येणार याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. पखवाजाच्या ठेक्यावर, अंग स्थिर ठेवून नुसतं ऐकतानाही, हालचालींचं नियोजन करणारे मेंदूचे भाग जागे होतात. तोही पुढची थाप येण्याआधी बांधलेला अंदाजच.

इथे कुणी म्हणेल, बेडकाचा मेंदू तो केवढा! त्याला जमतं ते कानाच्या रचनेमुळेच जमत असणार. यात बरंच तथ्य आहे. पोर्तो रिकोतला कोकी बेडूक ‘को-की’ असा ओरडतो. त्यातला ‘को’ इतर नरांना उद्देशून असतो आणि ‘की’ मादीसाठी, हे नारिन्स आणि कॅप्रानिका यांनी १९७६ साली दाखवलं. तिथे नर-मादीच्या कानांची घडणच आपापल्या स्वराला जुळलेली आहे. अमेरिकेतल्या हिरव्या वृक्षबेडकाची मादी तर फुफ्फुसं फुगवून इतर जातींचा गलका कानाच्या पडद्यावरच दाबते, असं २०२१ मध्ये आढळलं. बेडकाचं काम असं निम्मं शरीरातच उरकतं, कारण त्याला ओळखायच्या हाका मोजक्याच असतात. माणसाला मात्र कुणाचंही, कधीही न ऐकलेलं वाक्य समजून घ्यायचं असतं. त्याला जन्मजात घडण पुरत नाही, शिकावं लागतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होता होता बहुतेकांना तो कळेनासा झाला. त्यांच्या कानात काही बिघडलं नव्हतं, भोवती जो फरक कामाचा नाही तो मेंदूने सोडून दिला होता. सावंतवाडीच्या घरातलं मूल त्याच वयात ‘ल’ आणि ‘ळ’ पक्के करत असतं.

शिकलेला मेंदू गाळलेल्या जागाही भरतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला आणि खोकला नेमका कुठे होता हे सांगता येईना. मग ऐकणं म्हणजे निव्वळ अंदाजच का? तसं नाही, अंदाजाला पुरावा लागतो. बेडकांच्या ओरडण्यात मधे मधे फटी असतात, त्या फटींतून निरोगी कान बोलण्याचे तुकडे टिपतो. पत्र्यावरचा पाऊस सलग असतो, फटी ठेवत नाही, म्हणून तो जास्त नडतो. वय वाढलं की आतल्या कानातल्या, थरथर टिपणाऱ्या केसपेशी झडतात, आधी उंच स्वरांच्या. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांची ओळख तिथेच असते. फटीही मग पूर्वीसारख्या वापरता येत नाहीत.

घरोघरचे म्हातारे म्हणतात, “ऐकू येतं, पण कळत नाही.” याला हट्ट किंवा बेपर्वाई म्हणणारे चुकतात, म्हाताऱ्यांच्या दुखण्याचं हे अगदी नेमकं वर्णन आहे. त्यावर ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानाने मागे राहतात. समोर बसून, उजेडात, ओठ दिसतील असं आणि सावकाश बोललं तर डोळ्यांचा पुरावा कानाच्या मदतीला येतो. श्रवणयंत्र आहे की, असं म्हटलं जातं. यंत्र हवंच, आणि वेळेवर हवं. पण ते आवाज मोठा करताना पाऊसही मोठा करतं, आणि कित्येक वर्षं न ऐकलेले ध्वनी मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे, महिने लागतात. दोन दिवसांत ते डबीत ठेवून देणाऱ्याला ही मुदत कुणी सांगितलेलीच नसते.

कॉक्लियर इम्प्लांटमध्ये, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्रात, तर सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशींचं काम जेमतेम वीस-बावीस विद्युतअग्रं करतात. इतक्या तुटपुंज्या खुणांवरून शांत खोलीत बोलणं समजतं, ही मेंदूचीच करामत. बोलायला शिकल्यानंतर बहिरं झालेल्या प्रौढाला ते साधतं, कारण भाषा त्याच्या मेंदूत आधीच रुजलेली असते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला ती आधी रुजवायची असते आणि त्यासाठीची सर्वांत सुपीक वर्षं पहिली तीन-चारच. म्हणून बाळाची श्रवणचाचणी जन्मानंतर लगेच व्हायला हवी, मग बाळंतपण मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झालेलं असो की घाटावरच्या वाडीजवळच्या आरोग्य केंद्रात.