हर्षदाचे १५३ किलो आणि आपल्या आयाबायांची मोळी

२ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुड या अठरा वर्षांच्या मुलीने ४५ किलो गटात स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे १५३ किलो वजन उचलून जागतिक कनिष्ठ भारोत्तोलन स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. हे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. पण क्रिकेटवेड्या या देशात तिचे नाव आज कितीजणांना आठवते?

शाळकरी वयात तिने ५० किलो तांदळाचे पोते पाठीवर वाहिले होते. स्वतःचे भारोत्तोलनाचे स्वप्न अर्धवट राहिलेल्या वडिलांनी तिला गावातल्याच बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत घातले.

पोते वाहणाऱ्या मुली आपल्या निलंगा तालुक्यात कमी आहेत काय? ऊसतोडीला गेलेली आपली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, दिवसातून कितीदा तरी. तिने किती किलो उचलले, हे कोण लिहितो? मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि उचल नवऱ्याच्या नावावर! वकिलीत असे कागद हाताखालून जातात. त्यात बाईच्या नावाचा रकाना सापडत नाही. हर्षदाचे ८३ किलो तिच्याच नावावर लिहिले गेले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली होती. आपण मात्र आजही कोयतेच मोजतो.

आता पोटाचे. हर्षदाचा ४५ किलो गट ऑलिंपिकमध्ये नव्हता. २०२४ च्या पॅरिसमध्ये महिलांचा सर्वात हलका गट ४९ किलोचा होता. म्हणजे ताकदीबरोबर अंगावर चार किलोही चढवायचे. ते डाळ-भातावर चढत नाहीत. मार्च २०१५ मध्ये बैलाच्या मांसावर बंदी घालून सरकारने गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस काढून घेतले. २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आले, तर जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधीच काढून घेतला. अंडे द्यायचे तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे सांगितले! ज्या आईचे नाव मुकादमाच्या वहीतसुद्धा नाही, तिच्याकडून कसली लोकवर्गणी घेणार?

शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात. पुढच्या बैठकीत अंड्याचा ठराव लेखी मांडा, त्याची प्रत मागून घ्या. आणि शाळेच्या क्रीडासाहित्यात मुलींसाठीचा १५ किलोचा बार आहे का, तेही त्याच बैठकीत विचारा.