ब्रेक मऊ लागतोय? मग गाडी आधी थांबवा



आपल्यापैकी कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. बँक सखी, पशुसखी, सीआरपी ताई, आठवडी बाजाराला माल नेणाऱ्या, लेकरांना शाळेत सोडणाऱ्या. पेट्रोल आणि हवा आपण बघतो. ब्रेकचं मात्र "घरचे बघतील" म्हणून सोडून देतो.

आमच्या प्रभागातल्या एका ताईंचं ऐका. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दोन-तीन आठवडे मऊ लागत होता. घरी सांगितलं तर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, जरा जोरात दाब." गॅरेजमध्ये वरून ब्रेक ऑइल टाकून दिलं. दहा दिवस बरं चाललं. मग एक दिवस ग्रामसंघाची बैठक आटोपून येताना उतारावर म्हैस आडवी आली. ताईंनी ब्रेक दाबला, तर लिव्हर सरळ मुठीला टेकली. गाडी मागच्या ब्रेकवर घसरत चरीत गेली. मागे लेक बसलेली होती. खरचटण्यावर निभावलं. नंतर कळलं, चाकाजवळ ब्रेकच्या पाइपच्या जोडाला गळती होती. ऑइल टाकलं, पण ते गेलं कुठे हे कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. मऊ ब्रेक म्हणजे गाडीचं वय नव्हे, तो बिघाड आहे. त्याचं कारण सापडल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

पुढचा ब्रेक एवढा महत्त्वाचा का?

ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे गाडी थांबवण्याचं जास्तीचं काम पुढचाच ब्रेक करतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. लिव्हर पुन्हा पुन्हा दाबण्यात एक सेकंद गेला, तर एवढं अंतर हातचं गेलं.

लिव्हर मऊ का होते?

पुढच्या चाकाला लोखंडी गोल चकती दिसत असेल, तर तो डिस्क ब्रेक. यात वायर नसते, ब्रेक ऑइल असतं. लिव्हर दाबली की पाइपातलं ऑइल ढकललं जातं आणि चाकाजवळचे पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात.

पशुसखी ताईंना हे पटकन समजेल. सिरिंज पाण्याने भरा, टोकाला बोट लावा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता सिरिंजमध्ये थोडी हवा राहू द्या. दट्ट्या आत जातो, कारण हवा दबते. ब्रेकचंही तसंच. ऑइल दबत नाही, म्हणून लिव्हर टणक लागते. पाइपात हवा शिरली की आपला जोर हवा दाबण्यातच जातो.

ही हवा तीन वाटांनी येते. कुठेतरी गळती असते. टाकीतलं ऑइल फार खाली गेलेलं असतं. किंवा ब्रेकचं काम करताना हवा नीट काढलेली नसते. चौथं कारण जुनं ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. लांब घाट उतरताना ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर अचानक मऊ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.

घरच्या घरी पाच मिनिटांत तपासा

गाडी सपाट जागी उभी करा.

१. लिव्हर दोन-चार वेळा भराभर दाबा. दाबत गेल्यावर टणक होत असेल, तर बहुधा आत हवा आहे.

२. लिव्हर दाबून अर्धा मिनिट तशीच धरा. हळूहळू मुठीकडे सरकत गेली, तर कुठेतरी गळती आहे किंवा हँडलवरच्या पंपाचं रबर गेलं आहे. ही गाडी अजिबात चालवू नका.

३. हँडलवरच्या ऑइलच्या टाकीला छोटी काच असते. हँडल सरळ करून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या वर हवं. काळपट दिसलं तर बदलायची वेळ झाली.

४. लिव्हरजवळ, पाइपाच्या दोन्ही टोकांना आणि चाकाजवळ बोट फिरवा. ओलसर लागलं तर गळती.

५. पॅड बघा. पॅड झिजले की ऑइलची पातळी आपोआप खाली येते. पॅडवरच्या झिजेच्या खाचा पुसल्या गेल्या असतील, तर नवे पॅड टाका.

म्हणूनच ऑइल कमी दिसलं की नुसतं भरायचं नाही. आधी विचारायचं, पॅड झिजले की गळती आहे?

वायरचा ब्रेक असेल तर

बऱ्याच स्कूटींना पुढे ड्रम ब्रेक असतो. त्यात ऑइल नाही, हवाही नाही. वायर ताणली जाते, आतले लायनर झिजतात, म्हणून लिव्हर सैल होते. चाकाजवळ वायरच्या टोकाला नट असतो, तो अर्धा-अर्धा फेरा आवळा. लिव्हरला साधारण एक ते दोन सेंटिमीटर ढिलाई राहिली पाहिजे. चाक हाताने फिरवून बघा, ते घासता कामा नये. नट आवळूनही फरक पडत नसेल किंवा वायरचे तंतू सुटलेले दिसत असतील, तर लायनर-वायर बदलायला हवी.

हवा कशी काढतात?

हे काम पहिल्यांदा जाणकार माणसाबरोबरच करा. पण कसं करतात ते माहीत असलं, तर गॅरेजमध्ये उभं राहून बघता येतं.

टाकीखाली आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाकतात, कारण ब्रेक ऑइलने रंग निघतो. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. लिव्हर तीन-चार वेळा दाबून धरायची, पान्याने निपल थोडं सैल करायचं, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल परत आवळायचं आणि मगच लिव्हर सोडायची. आधी सोडली तर हवा पुन्हा आत. बुडबुडे बंद होईपर्यंत हेच करायचं. मधेमधे टाकीत ऑइल भरत राहायचं. टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल कधीही नाही, त्याने आतली रबरं फुगून खराब होतात. चकतीला आणि पॅडला ऑइल किंवा ग्रीसचा हात लावू नका. एबीएस असलेली गाडी ते काम येणाऱ्याकडेच न्या.

नवे पॅड टाकल्यावर पहिल्यांदा लिव्हर रिकामी जाते. गाडी हलवण्याआधी ती टणक होईपर्यंत दाबा. मग अंगणात, हळू वेगात ब्रेक लावून बघा.

वाटेतच ब्रेक मऊ पडला तर

घाबरू नका. लगेच एक्सलेटर सोडा, पुढची लिव्हर भराभर दाबत राहा, मागचा ब्रेक बेताने लावा. गिअरची गाडी असेल तर एकेक गिअर खाली आणा. कडेला थांबा आणि तिथून गाडी ढकलत किंवा टेम्पोत न्या. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरण्याची सवय आजच सोडा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"ब्रेक बघून द्या" एवढंच म्हणू नका. सांगा, "दादा, लिव्हर दाबून धरली की खाली जाते. गळती कुठे आहे ते मला दाखवा. जुने पॅड माझ्यासमोर काढा." गाडी आपण चालवतो, तर विचारायचा हक्कही आपलाच. काम झाल्यावर लिव्हर स्वतः दाबून बघा, मगच पैसे द्या.

पैशांची अडचण असेल तर गटात बोला. गाडीच्या दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्ज मागायला पुष्कळ जणी संकोचतात, तो खर्च वाया गेला असं वाटतं. पण त्याच गाडीवर आपली कमाई आहे, बचतीची रक्कम आहे आणि मागे आपलं लेकरू आहे.

पंचसूत्री पाळतो तशी एक सवय लावून घेऊ या. बैठकीला निघताना किल्ली फिरवण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. टणक लागले तर निघायचं. मऊ लागले तर त्या दिवशी दुसऱ्या ताईच्या गाडीवर बसून या, बैठक तरी चुकणार नाही.