लहान शहरातील दुकान : भाडे स्वस्त, भीड महाग

रमजानच्या आधी मुंब्र्याहून एक तरुण आमच्याकडे आला होता. मुंब्र्यात त्याचे ड्रेस मटेरियलचे लहानसे दुकान आहे. गाळा भाड्याचा आणि राहण्याची खोलीही भाड्याची. इकडे वरसे येथे आजोबांचे घर कुलूप लावून पडलेले आहे. तो म्हणाला, "चाचा, दर महिन्याला दोन-दोन भाडी भरण्यापेक्षा घर उघडतो आणि पुढच्या पडवीतच दुकान काढतो. मग खर्च तरी कसला?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. मुंबई, मुंब्रा, पनवेल येथे दुकानदारी करणाऱ्या कोकणातील कितीतरी घरांत आज हीच चर्चा चालते. म्हणून त्याला जो हिशेब वहीवर मांडून दाखविला, तोच येथे व्यापारी बांधवांसमोर ठेवीत आहे.

कागदावर शहर, कारभार ग्रामपंचायतीचा

वरसे हे रोह्याला लागून असलेले गाव. जनगणनेत त्याची नोंद ‘जनगणना शहर’ अशी होते. ज्या वस्तीची लोकसंख्या ५,००० च्या वर आहे, जेथील कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर आहेत आणि जेथे दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे राहतात, तिला हे नाव मिळते. नाव शहराचे मिळाले तरी नगरपालिका मिळत नाही. कारभार ग्रामपंचायतच पाहते.

व्यापाऱ्याला हे समजून घेणे जरूर आहे, कारण येथील गिऱ्हाईकही तसेच अर्धे शहरी, अर्धे गावातले आहे. त्याची पसंती शहराची असते. मोबाइलवर पाहिलेला रंग आणि पाहिलेली किनार त्याला हवी असते. पण पैसा त्याच्या हातात रोज नसतो, ठराविक वेळीच येतो.

तो पैसा कोठून येतो, हे पाहा. पहिला मोठा झरा धाटावच्या औद्योगिक वसाहतीचा. तेथे मुख्यतः रासायनिक कारखाने आहेत. पगार महिन्याच्या सात तारखेपर्यंत होतो, म्हणून आठ ते पंधरा तारखेपर्यंत बाजारात चैतन्य असते आणि वीस तारखेनंतर दुकानदार माश्या मारतो. दुसरा झरा आखाती देशांतून येणाऱ्या पैशांचा. तिसरा शेती, बागायत आणि मजुरीचा. कातकरी बांधव दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यांची खरेदी त्या वेळापत्रकाने चालते.

मोठ्या शहरात एक धंदा बसला तर दुसरा चालू असतो. येथे दोन झरे आटले की सगळा बाजार कोरडा पडतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला आणि दीड लाखाहून अधिक भारतीयांना तेथून परत आणावे लागले. त्यावेळी कोकणातल्या ज्या घरांचा पैसा तिकडून येई, त्यांनी लग्नाची खरेदी सोडा, पोरांचे ईदचे कपडेही पुढे ढकलले. २०२० साल तर ताजेच आहे. मार्चअखेर टाळेबंदी झाली, एप्रिल-मेची लग्ने गेली, २५ मेची ईद घरात गेली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यावर घाला घातला. ज्यांनी फेब्रुवारीत माल भरला होता त्यांचे काय झाले असेल, हे कापडवाल्याला समजावून सांगायला नको.

भाडे नव्हे, फेरी मोजा

त्या तरुणाला वाटत होते की गाळ्याचे भाडे वाचले म्हणजे नफा झाला. त्याला मी विचारले, तुझा माल वर्षातून किती वेळा फिरतो? म्हणजे दुकानात भरलेला माल विकून तेवढाच नवा माल तू वर्षात किती वेळा भरतोस? त्याने बोटे मोजून सांगितले, पाच-सहा वेळा.

आता हिशेबासाठी आकडे धरू. दुकानात पाच लाखांचा माल आहे आणि खरेदीवर २० टक्के सुटतात. शहरात तो माल वर्षात सहा वेळा फिरला तर तीस लाखांच्या मालावर सहा लाख मिळाले. भाडे महिना तीस हजार धरले तर त्यात तीन लाख साठ हजार गेले. उरले दोन लाख चाळीस हजार. लहान गावात गिऱ्हाईक कमी, म्हणून तोच माल तीन वेळाच फिरेल असे धरा. पंधरा लाखांच्या मालावर तीन लाख मिळतील. पडवी घरची, म्हणून भाडे शून्य. म्हणजे साठ हजार जास्त, शिवाय राहत्या खोलीचे भाडे वाचले ते वेगळे.

एवढे ऐकून तो खूश झाला. मी म्हटले, वही अजून मिटू नकोस.

तीन फेऱ्या म्हणजे एक माल चार महिने फळीवर. आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे पावसाचे चार महिने आहेत. मालेगाव-सोलापूरच्या व्यापाऱ्याचा माल पडून राहिला तर तो नुसता जुना होतो, आमचा माल खराब होतो. सुती कापडाला जी खळ असते ती ओल धरते आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. घडीच्या कडेला पडलेला असा डाग सहसा जात नाही. पांढरे पॉपलीन, अस्तर, लहान मुलांचा फिकट माल यांना धोका सर्वांत जास्त. भिंतीला टेकून ठेवलेला ताका आधी जातो. म्हणून आमच्याकडील जाणते दुकानदार मेअखेर सुती माल शक्य तितका काढून टाकतात, थोडा नफा सोडूनही. फळी भिंतीपासून चार बोटे पुढे घेतात, खालची फळी रिकामी ठेवतात आणि उघडीप मिळताच ताके उलगडून वारा देतात. पावसाळ्यात सिंथेटिक माल पुढे आणतात. पुढे गणपतीची खरेदी निघते, तिच्यासाठी ताजा माल आधीच आणावा लागतो आणि त्यासाठी पैसा मोकळा असावा लागतो.

येथेच खरी अडचण येते.

भीडमुर्वत

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. ‘मुरव्वत’ हा शब्द तेथे चांगल्या अर्थाने शिकविला गेला. मराठी बाजारात आलो तेव्हा त्याला ‘भीड’ जोडलेली आढळली आणि दोन्ही मिळून दुकानदाराला किती महाग पडतात, हेही कळले.

मुंब्र्यात अनोळखी गिऱ्हाईक येते, भाव करते, पैसे देते, जाते. वरसे-रोह्यात येणारे गिऱ्हाईक तुमच्या वडिलांना ओळखते. त्याची बहीण तुमच्या घरात दिलेली असते, नाहीतर त्याच्याकडून तुम्ही दूध घेता. तो तीन हजारांचा माल घेतो आणि "मांडून ठेवा, पगारावर देतो" म्हणतो. नाही कसे म्हणणार? पगारावर तो निम्मे देतो आणि नवीन माल घेतो. माणूस बेईमान नसतो. बहुतेक वेळा पैसा येतोच, पण तुमच्या गरजेच्या वेळी येत नाही, त्याच्या सवडीने येतो.

आता मघाचे आकडे परत घ्या. वर्षाची विक्री अठरा लाख. त्यातली निम्मी उधार, आणि उधारी सरासरी चार महिन्यांनी वसूल होते असे धरा. म्हणजे कोणत्याही दिवशी तीन लाख रुपये लोकांकडे आहेत. त्यात तुमचा नफा पन्नास हजार, बाकी अडीच लाख तुमचे भांडवल. पाच लाखांपैकी अडीच लाख वहीत आणि अडीच लाख फळीवर! फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक रोह्याच्या पेठेत किंवा पनवेलला जाते. मग दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून उधार आणतो.

पूर्वी हे चालून जाई. आता २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक नियम आला आहे, तो लहान दुकानदारांनाही माहीत असावा. तुम्ही उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला, उदाहरणार्थ भिवंडी किंवा इचलकरंजीच्या मागवाल्याकडून, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करायचे. मुदत टळून ३१ मार्चला रक्कम थकलेली राहिली तर त्या वर्षी ती खर्चात धरली जात नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरली जाते. तुम्हाला माल देणारा स्वतः नुसता व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही. तुमचा हिशेब कोणत्या पद्धतीने भरला जातो यावरही काही गोष्टी अवलंबून आहेत, तेव्हा आपल्या करसल्लागाराला जरूर विचारावे. मुद्दा एवढाच की गिऱ्हाईक तुम्हाला १२० दिवसांनी देणार आणि तुम्ही ४५ दिवसांत देणार. मधले दिवस कोणाच्या पैशाने काढायचे?

उधारी बंदच करा, असा सल्ला शहरातले लोक देतात. त्यांनी लहान गावात दुकान चालवलेले नसते. उधारी पूर्ण बंद केली तर दुकान चालेल, पण गावातले बसणे-उठणे बिघडेल. आमचा अनुभव असा की मर्यादा बांधता येते. खात्यावर एक ठराविक रक्कम, जुनी बाकी शून्य झाल्याखेरीज नवे खाते उघडायचे नाही आणि वसुलीसाठी महिन्याची नऊ तारीख. नियम सगळ्यांना सारखा, सख्ख्या मेहुण्यालाही. पहिल्या वर्षी चार माणसे रुसतात. आमच्याकडे दोन परत आली.

राहण्याची बाजू

दुकानाबरोबर संसारही आला. स्वतःचे घर, दारात चिंच-आंबा, दुपारी घरी जेवण, आईवडिलांवर नजर, हे सुख मुंब्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत मिळणार नाही. मुले शाळेतून येताना चार ओळखीची माणसे त्यांना पाहत असतात. याची किंमत वहीत लिहिता येत नाही, पण ती आहे.

मात्र ‘गावची शुद्ध हवा’ हे वाक्य धाटावच्या शेजारी जपून वापरावे. कुंडलिका नदीच्या प्रदूषणाची तक्रार जुनी आहे. दुखणे मोठे असेल तर रात्री अलिबाग किंवा पनवेल गाठावे लागते आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून वर्षानुवर्षे रखडले, त्याचा त्रास रुग्णाला आणि कापडाच्या पार्सलला सारखाच झाला. मुलांच्या शिक्षणाचे म्हणाल तर पदवीपर्यंत सोय रोह्यात होते, पुढे बाहेर जावेच लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले, पण पुढचे शिक्षण मुंबईत आणि केंब्रिजला झाले. शंभर वर्षांत एवढा फरक पडला की आता मुलगा जाऊन-येऊन शिकू शकतो. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते आणि २६ जानेवारी १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावते. असे असूनही मुंबईकडे जाणाऱ्या सोयीच्या गाड्या मोजक्याच आहेत. दिव्याची गाडी चुकली की मंगलदास मार्केटची खरेदी दुसऱ्या दिवसावर जाते.

कराच्या बाबतीत लहान-मोठ्या गावात आता फरक नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी सगळीकडे सारखाच आहे.

काय विकावे

मोबाइलवर जे स्वस्त मिळते ते पडवीत मांडण्यात अर्थ नाही. तयार कुर्ती, टी-शर्ट यांत लहान दुकानदार भावाने हरणारच. पण साडीला जुळणारे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर हे रंग लावून पाहिल्याशिवाय घेता येत नाही आणि आजच हवे असते. त्यात माल कमी अडकतो, फेरी जास्त होते आणि तीस-चाळीस रुपयांची उधारी कोणी मागत नाही. शाळेच्या गणवेशाचे कापड जूनमध्ये हमखास जाते. रासायनिक कारखान्यात सुती वर्दीच पसंत करतात, कारण सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. हे काम मोठे आहे, पण बिल दोन-तीन महिने अडकते. ज्याच्याकडे भांडवल थोडे त्याने त्याच्या नादी लागू नये.

ईदच्या मालाबद्दल एक सूचना. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. पुढे ती फेब्रुवारीकडे जात आहे. आतापर्यंत ईद आणि उन्हाळ्यातील लग्ने जवळजवळ होती, एकाच मालात दोन्ही हंगाम निघत. आता मध्ये अंतर पडेल. एकदम मोठी खरेदी करण्याऐवजी दोनदा थोडी-थोडी करावी लागेल.

त्या तरुणाला एवढे सगळे सांगितल्यावर तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "चाचा, भाडे मागणाऱ्या मालकाला मी तोंड देऊ शकतो. उधार मागणाऱ्या फुफाला कसे देऊ?" मी त्याला म्हटले, आधी पडवी उघड, फक्त अस्तर-मॅचिंगचा पन्नास हजारांचा माल ठेव, वहिनींना बसव आणि एक पावसाळा जाऊ दे.

त्याप्रमाणे पडवी उघडली आहे. फळ्या भिंतीपासून चार बोटे पुढे आहेत, ते मी जाऊन पाहिले. मुंब्र्याच्या गाळ्याचे डिपॉझिट त्याने अजून परत मागितलेले नाही.