एमआरआयच्या खोलीत मंगळसूत्र का चालत नाही?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींची कंबर धरली. पायाला मुंग्या यायला लागल्या, खाली बसलं की उठता येईना. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलं. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, सुनेला सोबत घेऊन मावशी एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेल्या. आणि संध्याकाळी तपासणी न करताच परत आल्या. भाडं गेलं, मजुरीचा दिवस बुडाला, कंबर होती तशीच.

आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "गळ्यातलं काढा म्हणाले. का, ते कुणी सांगेना. मशीन तर बंदच होतं. उगाच मंगळसूत्र कशाला काढायचं?"

बैठकीत हा विषय निघाला आणि ज्या त्या बाईचं वेगळंच. एक म्हणाली, आत करंट लागतो. दुसरी म्हणाली, एक्स-रेसारखे किरण असतात, सोनं काळं पडतं. तिसरीला वाटलं, दागिने लंपास करायची ही युक्ती आहे. खरं सांगायचं तर आम्हालाही नीट माहीत नव्हतं. मग आम्ही हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांना गाठलं, पुस्तकं मागून आणली, आणि एका मंगळसूत्रापायी शंभर वर्षांची गोष्ट हाती लागली. तीच आज तुम्हाला सांगतो.

आधी मुख्य गोष्ट. एमआरआयचं मशीन म्हणजे एक मोठा चुंबक. त्यात एक्स-रे नसतात. आपल्या अंगात पाणी भरपूर, त्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या कणांना हा चुंबक वळण लावतो. मग रेडिओच्या लहरी सोडून त्यांच्याकडून परत येणारा इशारा टिपतात आणि त्यावरून आतलं चित्र तयार होतं. आत ठकठक, घरघर असा मोठा आवाज येतो, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण चुंबकाचा जोर ध्यानात घ्या. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकानं वळते ना, त्याच्या तीस हजार पटीहून जास्त जोर नेहमीच्या एमआरआयमध्ये असतो. आणि हा चुंबक रात्रंदिवस चालू असतो. तपासणी चालू नसली तरी, आवाज येत नसला तरी, चालूच. मावशींना मशीन बंद वाटलं, ते तसं नव्हतं.

चुंबक सतत चालू कसा राहतो? एवढं वीजबिल कोण भरतं? इथून खरी गोष्ट सुरू होते.

तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन नावाचे अतिबारीक कण पुढे सरकतात. हरभऱ्याएवढ्या तांब्याच्या तुकड्यातसुद्धा ते मोजण्यापलीकडचे असतात. आठवडी बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन जाताना कसे धक्के लागतात, तसे त्यांना तारेतल्या थरथरणाऱ्या अणूंचे धक्के लागतात. त्यात जोर वाया जातो आणि त्याची उष्णता होते. इस्त्री तापते ती यामुळेच. शेतातल्या मोटरची वायर गरम लागते तीही यामुळेच. एमआरआयएवढा चुंबक साध्या तारेचा केला तर वीज अफाट लागेल आणि तो थंड ठेवता ठेवता नाकीनऊ येतील.

आता आपण जाऊ हॉलंडमधल्या लायडन गावी. तिथल्या विद्यापीठात हाइके कामरलिंग ओनेस नावाचे प्राध्यापक होते. थंडी कुठपर्यंत नेता येते, हा त्यांचा ध्यास. बर्फ शून्य अंशाला होतो. त्याच्याही खाली जात राहिलं तर उणे २७३ अंशांच्या आसपास थंडीची हद्द संपते, त्याखाली काही नाही. कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम वायूचं पाणी करून दाखवलं, उणे २६९ अंशांना. त्यांनी एकट्यानं हे केलं नाही. त्यांच्याकडे काच फुंकून नळ्या बनवणारे आणि पंप जोडणारे कारागीर होते, आणि अशा कारागिरांना शिकवायची सोय त्यांनी तिथेच केली होती.

त्या काळी एक वाद होता. धातू खूप थंड केला तर वीज सहज वाहील की इलेक्ट्रॉनच गोठून वीज थांबेल? वाद घालून उत्तर मिळत नव्हतं, करूनच पाहायला हवं होतं. १९११ साली लायडनला पारा थंड करून मोजमाप घेतलं. उणे २६९ अंशांच्या जवळ येताच विजेला होणारा अडथळा हळूहळू कमी न होता एकदम नाहीसा झाला. आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. पुन्हा मोजलं, तेच आलं. पुढे १९१४ साली त्यांनी शिशाच्या तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली आणि बॅटरी काढून घेतली. तरी वीज फिरतच राहिली. या गुणाला अतिवाहकता म्हणतात.

आता "कसं" ते दिसलं, पण "का" ते कळायला १९५७ साल उजाडलं. मध्ये ४६ वर्षं गेली. आइन्स्टाइनसारख्यांनीही प्रयत्न केले, त्यांनाही जमलं नाही. अडचण अशी की सगळे एका इलेक्ट्रॉनचं वागणं पाहून गणित मांडत होते, आणि हा गुण एकट्या इलेक्ट्रॉनमध्ये नाहीच. तो पुष्कळ जण एकत्र आल्यावरच उमटतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या तिघांनी कोडं सोडवलं. श्रीफर तेव्हा शिकत होते. गणिताचा नेमका धागा त्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसले असताना सुचला. तिघांना १९७२ साली नोबेल मिळालं.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, सवतींसारखे. पण सुंभाची सैल बाज आठवा. एक पोर बसलं की तिथे खळगा पडतो आणि दुसरं पोर आपोआप त्या खळग्याकडे सरकतं. तसा एक इलेक्ट्रॉन जाताना धातूचे अणू जरासे आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढीनं दुसरा मागून येतो. अशी त्यांची जोडी जमते. ही जोडी फुगडीसारखी हाताला हात लावून नसते. दोघांत अंतर असतं आणि त्या अंतरात दुसऱ्या लाखो जोड्या असतात. सगळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की चाललं तर सगळ्यांनी एका चालीत चालायचं.

वारीला गेलेल्या बायकांना हे लगेच कळेल. एकटी चालणारी बाई खड्ड्यात अडखळते. दिंडी एका ठेक्यात असली की खड्डा येतो नि जातो, दिंडी मोडत नाही. धातूतही तसंच. एका इलेक्ट्रॉनला धक्का मारून बाजूला काढायचं तर अख्खी दिंडी मोडावी लागेल, आणि एवढा जोर थंड धातूच्या अणूंत उरलेला नसतो. म्हणून अडथळा शून्य. ऊब वाढली की अणू जोरानं थरथरतात, जोड्या सुटतात आणि वीज पुन्हा बाजारातल्यासारखी धक्के खात चालायला लागते.

पुष्कळ कण एकत्र आल्यावर काय घडतं, ते शोधणाऱ्या या शास्त्राला क्वांटम बहुकण भौतिकी म्हणतात. फिलिप अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७२ साली एका लेखात मांडलं होतं की संख्या वाढली की नुसती बेरीज होत नाही, वागणंच बदलतं. पाण्याचा एकटा कण गोठत नाही, गोठतं ते पाणी. आपल्याला हे नवीन नाही. एकीचे शंभर रुपये डब्यात पडून राहतात, वीस जणींचे झाले की बँक दारात उभं करते.

आता परत मशीनकडे. एमआरआयच्या पोटात निओबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची कित्येक किलोमीटर लांब तार गुंडाळलेली असते. ती द्रव हेलियमनं थंड ठेवलेली असते. तारेत एकदा वीज भरली की बाहेरची जोडणी काढून घेतात आणि तीच वीज वर्षानुवर्षं फिरत राहते. थंडी राखणाऱ्या पंपाला वीज लागते, चुंबकाला नाही. त्यामुळे दिवे गेले तरी चुंबक लगेच उतरत नाही. तो एकदम उतरवायचं वेगळं बटण असतं, पण त्यानं हेलियम उकळून उडून जातो आणि फार मोठा खर्च येतो. म्हणून ते अगदी जिवावर बेतल्यावरच दाबतात.

हे न कळण्याची किंमत फार मोठी असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात नातेवाइकांसोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. चुंबकानं सिलिंडर खेचला, तरुणही ओढला गेला आणि त्याचा जीव गेला.

संशोधन अजून संपलेलं नाही. १९८६ साली झुरिचला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना मातीच्या भांड्यासारख्या ठिसूळ पदार्थात अतिवाहकता सापडली. वर्षभरात असा पदार्थ मिळाला की ज्याला द्रव नायट्रोजनची थंडी पुरते. द्रव नायट्रोजन तुम्ही पाहिलेला आहे. गाय भरवायला जनावरांचे डॉक्टर येतात, त्यांच्या कंटेनरचं झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो ना, तोच. उणे १९६ अंश. तो हेलियमपेक्षा कितीतरी स्वस्त. पण या पदार्थांत जोड्या कशा जमतात, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

आपल्या मुंबईतही हे काम चालतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली बिस्मथ हा धातू थंडीच्या हद्दीपासून एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागावर नेला आणि तिथे अतिवाहकता दाखवली. बिस्मथमध्ये वीज वाहणारे इलेक्ट्रॉन फारच थोडे, लाखभर अणूंमागे एखादा. एवढ्या थोड्यांत जोड्या जमू नयेत, असं १९५७ चं गणित सांगतं. पण जमल्या. म्हणजे गणित मांडणाऱ्यांना पुन्हा कामाला लागायला हवं. लायडनला झालं तसंच, करून पाहणारे पुढे गेले की विचार करणाऱ्यांना धावावं लागतं.

तर मैत्रिणींनो, एमआरआयला जाताना एवढं ध्यानात ठेवा. साडीच्या पिना, केसातले आकडे, जोडवी, पैंजण, मंगळसूत्र, मोबाइल, सगळं बाहेर. लोखंडाची पिन गोळीसारखी उडते. सोनं-चांदी उडत नाही, पण तापू शकते, चित्र बिघडवू शकते, आणि दागिन्याच्या फासात दुसरा धातू असतो. हृदयाला पेसमेकर असेल, ऑपरेशनमध्ये आत क्लिप किंवा पट्टी टाकली असेल, तांबी बसवली असेल, दिवस गेले असतील, तर आधीच सांगा. सोबतच्या माणसानंही न विचारता आत पाऊल टाकायचं नाही. आणि "का काढायचं?" असं विचारायला लाजू नका. विचारणं हा आपला हक्क आहे.

हे सगळं ऐकल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांच्या सासूबाईंनीच वाट काढली. मंगळसूत्र सुनेच्या पदरात बांधलं आणि साध्या सुती दोऱ्यात हळकुंड ओवून मावशींच्या गळ्यात घातलं. तिथे पोचल्यावर त्यांनी आधी विचारून घेतलं. दोरा आणि हळद, धातू नाही, चालेल म्हणाले. तपासणी झाली. मणक्यातली गादी सरकली होती, उपचार सुरू झाले. कर्जाचे दोन हप्तेही फिटलेत.