अतिविभेदन सूक्ष्मदर्शन : सजीव पेशीतील एकेका रेणूचा शोध

केवळ भिंगे सुधारून सूक्ष्मदर्शकाची शक्ती अमर्याद वाढत नाही, हे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये दाखविले. विवर्तनामुळे सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा निकटचे दोन बिंदू एकच ठिपका भासतात. प्रथिने तर अवघी काही नॅनोमीटरची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे विभेदन याहून पुष्कळ सूक्ष्म आहे; परंतु त्याच्या निर्वातात पेशी जिवंत राहत नाही.

ही मर्यादा खोटी ठरली नाही. तिला वळसा घातला गेला. जेलीफिशमधील हिरव्या अनुस्फुरक प्रथिनाचे रूपांतरित रेणू प्रकाशाच्या साहाय्याने पुन्हा उजळविता येतात, असे विल्यम मोर्नर यांना १९९७ मध्ये आढळले. एरिक बेटझिग यांनी २००६ मध्ये अशाच गुणधर्माचा उपयोग केला. एका वेळी मोजकेच, परस्परांपासून दूरचे रेणू उजळवावयाचे व प्रत्येक ठिपक्याचे केंद्र मोजावयाचे. ठिपका पसरट असला तरी त्याचे केंद्र बरेच अचूक ठरते. अशा हजारो चित्रांतून अंतिम प्रतिमा साकारते. स्टेफान हेल यांनी दुसऱ्या, कड्याच्या आकाराच्या किरणाने ठिपक्याची कडाच विझविली. तिघांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अडचण मात्र सजीव पेशीचीच आहे. हजारो चित्रे घेईपर्यंत रेणू हलतो आणि तीव्र प्रकाश पेशीस इजा करतो. बेटझिग यांची प्रारंभीची चित्रेही मृत पेशींचीच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक व सहकाऱ्यांनी निराळा मार्ग धरला. पेशीतील ओझे लेसरच्या चिमट्यात धरून ते वाहणाऱ्या डायनीन प्रथिनांची ओढ त्यांनी जिवंत पेशीतच मोजली (२०१३). तेथे प्रतिमेच्या सुस्पष्टतेपेक्षा बलाच्या मापनास महत्त्व होते.