जामीन कोण?

बँकेच्या नोकरीत कर्ज मागायला आलेल्या माणसाला एक प्रश्न मी हजारो वेळा विचारला असेल : जामीन कोण? गंगाखेडच्या शाखेत असताना दोन शेळ्यांसाठी कर्ज मागणाऱ्या एका बाईलाही तो विचारला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "जामीन ऱ्हाईल असं मानूस असतं सायब, तर तुमच्या दारात कशाला आले असते?" मी अर्ज परत केला. दसरा झाला आणि नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेली. मुकादमाने जामीन मागितला नाही; पुढच्या सहा महिन्यांचे त्यांचे कष्टच तारण होते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच फड.

तो प्रश्न निवृत्तीनंतर निराळ्याच रूपात भेटला. हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली सुख मोजायची एक शिडी पुढे मांडली. तळाशी शून्य, टोकाला दहा. आपले आयुष्य कितव्या पायरीवर आहे, ते माणसाने स्वतःच सांगायचे. २०१२पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात देशांचे क्रम या शिडीवरूनच लागतात. पण सरासरी फसवी असते. एका गावात सगळेच पाचव्या पायरीवर आहेत. दुसऱ्या गावात निम्मे आठव्या आणि निम्मे दुसऱ्या. सरासरी दोन्हीकडे पाचच! २०१६च्या अहवालाने या अंतराकडेच लक्ष वेधले. सुखातली ही दरी जिथे कमी, तिथे माणसे एकंदरीत अधिक समाधानी आढळतात.

ही दरी कशाने पडते? पैशाने पडतेच. आजारपणाने, बेकारीनेही पडते. परंतु त्या पाहणीत आणखी एक साधा प्रश्न असतो : संकटात सापडलात, तर धावून येईल असे कोणी तुम्हाला आहे का? वाचले आणि ती बाई डोळ्यांपुढे उभी राहिली. जगभरच्या पंडितांनी विचारलेला तो प्रश्न म्हणजे माझाच 'जामीन कोण?' होता. फरक इतकाच, की ज्याला कोणी नाही त्याचे दुःख ते मोजत होते आणि मी त्याचा अर्ज परत करत होतो. ज्याचा सोयरा मास्तर, भाऊ सोसायटीत, त्याला कर्ज मिळे. ज्याला आधाराची खरी गरज, त्यालाच आम्ही आधाराचा पुरावा मागत होतो.

गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. लहानपणीच त्या पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिल्या. त्यांच्याबरोबर जात्याचा खुंटा धरायला विठ्ठल येई, अशी श्रद्धा आहे. या कथेत देवाने जनाबाईंचे दळण काही चुकवले नाही. दळताना जोडीला हात दिला. गोदाकाठच्या बायाबापड्यांना ही कथा जवळची का वाटते, ते मला उशिरा कळले.

नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. दहा-वीस बाया एकत्र येऊन एकमेकींची हमी घेऊ लागल्या. सगळे गट टिकले नाहीत, सगळ्यांची ऊसतोड सुटली नाही. पण जिला कोणी नव्हते, तिच्या पाठीशी निदान गल्लीतल्या चौघी उभ्या राहिल्या.

ती बाई पुन्हा शाखेत आली नाही. तिच्या दोन शेळ्यांचा हिशेब माझ्याकडे अजून बाकी आहे.