उसातलं बाळंतपण

थंडीत जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात ऊसतोड जोरात चालू असते. फडाच्या एका अंगाने कोयते आत सरकतात, पाचट बाजूला पडतं, मोळ्या बांधल्या जातात. अशात एखादी बाई मध्येच थबकते. सरीत, पाचटाच्या आडोशाला काहीतरी हललेलं असतं. ओंजळीत मावतील अशी दोन-तीन पिल्लं, डोळे अजून न उघडलेली, अंगावरचे ठिपके इतके दाट की रंग काळपट राखाडीच दिसावा. पहिल्या नजरेला ती रानमांजराची वाटतात. मग टोळीतला कुणी जाणता पुढे येतो, वाकून पाहतो आणि सगळ्यांना मागे सारतो. बिबट्याचे बछडे आहेत.

त्या क्षणापासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत जे घडतं, ते आपल्या महाराष्ट्रात घडतं आणि दरवर्षी घडतं, याचं मला अपार नवल वाटतं. त्या रात्री एक जंगली मादी, एक सरकारी खातं, काही पशुवैद्य, एक शेतकरी आणि बीड-पाथर्डीकडून आलेली एक ऊसतोड टोळी मिळून एक काम पार पाडतात. त्यातल्या मादीला बाकीच्यांशी बोलता येत नाही, तरीही बहुतेक वेळा ते काम तडीस जातं.

आधी हा बिबट्या उसात आला कसा, ते पाहू. शिवनेरीच्या परिसरातला पूर्वेकडचा भाग एकेकाळी पावसावरच्या बाजरी-ज्वारीचा. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे फिरले आणि माळावर ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात असतो. पुरुष-दीड पुरुष उंचीचं दाट रान, आत ओलावा, गारवा आणि महिनोन् महिने माणसाची चाहूल नाही. बाहेर वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला शिकार एवढंच मादीला हवं असतं, आणि ते सगळं इथे होतं.

बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात. हरणं-सांबरं नाहीत, राखीव जंगल नाही. तरीही शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेवरून कळलं की पोटात जाणाऱ्या अन्नाचा फार मोठा भाग पाळीव जनावरांचा आहे आणि त्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत जास्त. म्हणजे हे बिबटे वाट चुकून गावात शिरलेले नव्हते, ते तिथलेच रहिवासी होते. आज उसात सापडणाऱ्या बछड्यांच्या आया, आणि बऱ्याचदा आज्याही, उसातच जन्मलेल्या असतात. सह्याद्रीचं जंगल त्यांनी पाहिलेलंही नसेल.

मादी तीन-सव्वातीन महिने पोट वागवते आणि साधारण दोन-तीन पिल्लांना जन्म देते. जन्मतः पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात. पहिले काही आठवडे त्याला आईच्या दुधाशिवाय काही नसतं, आणि आईला शिकारीला जाताना त्यांना एकटं टाकावंच लागतं, कारण बिबट्यांमध्ये नर पोसायला येत नाही. म्हणून ती त्यांना दडवून जाते आणि अधूनमधून जागा बदलते. मजुराला जी पिल्लं ‘टाकून दिलेली’ वाटतात, त्यांची आई बहुतेक वेळा शेजारच्याच फडात, कोयत्यांचा आवाज ऐकत, अंधार पडायची वाट पाहत बसलेली असते.

इथे माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र येतं. जुन्नरजवळ धरणाच्या परिसरात वनविभागाने उभारलेलं हे केंद्र २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनविभागाच्या साथीने चालवते. जखमी झालेले, गाडीखाली सापडलेले, फासात पाय गमावलेले, माणसांवर हल्ल्यानंतर पकडलेले बिबटे इथे राहतात. यातल्या अनेकांना पुन्हा बाहेर सोडता येत नाही. पिंजऱ्यात नीट सांभाळलेला बिबट्या वीसेक वर्षंही जगतो. उसातून उचलून आणलेलं आणि माणसाच्या हातून बाटलीने दूध प्यायलेलं पिल्लू शिकार शिकत नाही आणि माणसाला भीत नाही. ते आयुष्यभराचं कैदी होतं. म्हणून या केंद्राचं सर्वांत मोठं यश मी पिंजऱ्यांत मोजत नाही. जे बछडे तिथे राहायला आलेच नाहीत, जे एका रात्रीत आईकडे परत गेले, त्यांत ते मोजायला हवं.

हे शहाणपण महागात शिकलेलं आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनक्षेत्रात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हेतू लोकांना वाचवण्याचा होता. पण पुढे अभ्यासातून दिसलं की त्याआधी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरचे हल्ले त्या काळात वर्षाला सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर भेदरून भटकत राहतं. बिबट्याचा पाय किती चालतो याचा थक्क करणारा पुरावा २००९ साली मिळाला. टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीतून काढलेल्या एका नराच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. महिन्याभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. वाटेत रस्ते, रेल्वे, कारखाने, खाडी. इतकं चालूनही त्याने कुणाला इजा केल्याची नोंद नाही. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. २०११ च्या अखेरीस महामार्गावर गाडीच्या धडकेने मेलेला एक बिबट्या सापडला आणि त्याच्या कातडीखालच्या चिपवरून कळलं की तो आजोबाच होता.

तशीच चिप आता फडातल्या बछड्यांनाही बसवतात. आकार तांदळाच्या दाण्याएवढा. तिच्यात बॅटरी नसते. वाचणारं यंत्र जवळ नेलं की त्याच्या लहरींतूनच तिला पुरेशी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. पुढे दहा वर्षांनी तो बिबट्या कुठल्या विहिरीत किंवा रस्त्यावर सापडला, तर तो कोणत्या गावच्या कोणत्या फडात जन्मला होता हे कळू शकतं.

त्या दिवसाचा क्रम असा असतो. फोन जातो, वनरक्षक येतात, केंद्राचं पथक येतं. पिल्लं तपासतात: गोचीड आहे का, जखम आहे का, अंगात पाणी कमी झालंय का, नर किती, माद्या किती. हाताळणी होईल तितकी कमी. माणसाचा हात लागला की मादी पिल्लू टाकते, असा समज सगळीकडे आहे. तो खरा असता तर ही पद्धत एकदाही जमली नसती. दिवस कलला की पिल्लं एका उघड्या किंवा सैल झाकणाच्या खोक्यात घालून जिथे सापडली तिथेच नेऊन ठेवतात. पन्नास पावलं इकडे-तिकडे चालत नाही, कारण मादी परत येते ती जिथे त्यांना ठेवून गेली त्या जागेवर. अंधारात दिसणारे कॅमेरे लावतात. मग सगळी माणसं निघून जातात. बॅटऱ्या बंद, ट्रॅक्टर बंद, मोबाइलवरची गाणी बंद.

पिल्लं कुईकुई करतात. कधी तासाभरात, कधी मध्यरात्रीनंतर, मादी येते. कॅमेऱ्यांत टिपलेली ही दृश्यं ज्यांनी पाहिली असतील त्यांना तिची चाल आठवत असेल. दोन पावलं पुढे, थांबणं, हुंगणं, पुन्हा मागे. खोक्याभोवती चक्कर. मग पंज्याने खोकं कलंडतं. ज्या सुळ्यांनी ती शेळीचा गळा क्षणात फोडते, त्याच सुळ्यांत ती पिल्लाच्या मानेवरची सैल कातडी धरते आणि ओरखडाही उठत नाही. उचललं की पिल्लू गप्प होतं, अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं. हा गुण सस्तन प्राण्यांत दूरवर पसरलेला आहे. उंदराची पिल्लं आणि माणसाची तान्ही बाळं यांच्यावर जपानी शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आईने उचलून चालायला सुरुवात केली की दोघांचंही रडणं आणि हालचाल थांबते, हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात, असं त्यात दिसलं. आपलं बाळ खांद्यावर घेऊन घरात येरझारा घालणाऱ्या आईला हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि उसातल्या मादीलाही नसतं.

ती एका वेळी एकच पिल्लू नेते. तीन असतील तर तीन खेपा, मध्ये कधी मोठा खंड. पहिल्या रात्री ती आली नाही, तर सकाळी पथक पिल्लं परत नेतं, दूध पाजतं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी ठेवतं.

आता यातला जो भाग बातमीत येत नाही, त्याबद्दल. तोडणीची मजुरी टनावर मिळते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायची असते. फड अर्ध्यावर थांबला की टन होत नाहीत. शेतकऱ्याचंही तसंच. कारखान्याची तोड महिनोन् महिने वाट पाहून मिळालेली असते, तोडलेला ऊस रानात पडून राहिला तर वजन घटतं, साखर उतरते. अशा वेळी ‘उद्या या बाजूला कोयता लावू नका’ ही विनंती साधी नसते. तरीही ती पुष्कळदा मानली जाते. टोळी दुसऱ्या कडेला जाते, शेतकरी ट्रॉली अडवून धरतो, गावातली पोरं बघ्यांना बांधावरून हाकलतात. एखाद्या निवारा केंद्राला समाजाचा आधार म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं तर मी देणगीच्या पावतीआधी हा थांबलेला फड दाखवीन. आणि थांबलेल्या तासांची मजुरी त्या कोयत्यांना मिळायला हवी, असंही म्हणेन. आज यात सर्वांत जास्त देणारा माणूस सर्वांत गरीब आहे.

विहिरींचंही असंच. या भागात कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत आणि रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या त्यांत पडतो. पथक पोचेपर्यंत त्याला जगवतं ते गावच. कुणी दोराला बाज बांधून पाण्यात सोडतं, कुणी लाकडाचा ओंडका. दमलेलं जनावर त्यावर चढून बसतं. मग पिंजरा खाली सोडला जातो.

हे सगळं लिहिताना दुसरी बाजू झाकली तर मी या लोकांशी अप्रामाणिक ठरेन. बिबट्या माणसं मारतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत तीन जीव गेले. त्यांत दोन मुलं होती. लोकांनी महामार्ग अडवला, आणि त्यांचा संताप रास्त होता. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला बछड्यांच्या आईची गोष्ट सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. फडाशेजारच्या कोपीत झोपणारी मजुरांची मुलं सर्वांत उघड्यावर असतात. त्यांना पक्का निवारा, उजेड आणि जवळ संडास मिळाला, शेतीला दिवसा वीज मिळाली आणि रात्री पाणी धरायला जावं लागलं नाही, तर जीव वाचतील. माणसावर हल्ले करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त वनविभागाने तातडीने करायलाच हवा. पण बछडे उचलून नेण्याने यातलं काहीच साधत नाही. पिल्लं नाहीशी झालेली मादी माणसांच्याच वावरात त्यांना शोधत फिरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडात बायका-पोरं पुन्हा कामाला येणार असतात. पिल्लं परत करणं मादीइतकंच मजुरांच्याही सुरक्षेचं आहे.

याच मुलखात, जुन्नर-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात, आश्विन वद्य द्वादशीला आदिवासी पाड्यांवर वाघबारस होते. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराला पुजतो, इथे वाघोबाला पुजलं जातं आणि गुराढोरांना जपण्याचं मागणं घातलं जातं. वाघोबाशी भय आणि नातं दोन्ही एकाच वेळी सांभाळणारी ही माणसं आहेत. नियमांची पत्रकं येण्याच्या कितीतरी आधीपासून.

माणिकडोहसारख्या केंद्रांना पैसे जरूर द्या. मांस, औषधं, पिंजऱ्यांची डागडुजी वर्षभर चालू असते. पण तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल, तर तुमच्या हातात याहून मोठं काही आहे. तोड सुरू होण्याआधी टोळीच्या मुकादमाशी पाच मिनिटं बोला. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायची नाहीत, घरी तर न्यायचीच नाहीत, कारण तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. कोयते थांबवायचे, बायका-पोरांना आधी बाहेर काढायचं, एकट्याने मागे राहायचं नाही आणि वनविभागाला कळवायचं. विहिरीला कठडा बांधून घ्या. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. तो मुकादमाच्या फोनमध्ये आजच घालून द्या.